तिकिटं यजमानांच्या हाती द्या

"नमस्कार ताई,

आम्ही दोघं भुसावळचे. हे रेल्वेत होते. यांच्या सहीशिवाय इंजिन शेडबाहेर पडत नसे. मी नगरपालिकेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. लेक-जावई आयर्लंडमध्ये डब्लिनला असतात, सध्या त्यांच्याकडे आलोय. मे महिन्यात आमच्या लग्नाला ४० वर्षं होतात. लेक म्हणते, त्या दिवशी तुम्ही दोघंच कुठेतरी फिरून या. मला किलकेनी गावी जायचंय, तिथला जुना किल्ला बघायला. यांचं म्हणणं, 'किल्लाच बघायचा तर आपल्याकडे साडेतीनशे पडलेत, त्यासाठी दीड तास गाडीत कशाला बसायचं?' यांना समुद्राकाठच्या मोहरच्या कड्यांची गाइडवाली बस हवी, नाहीतर लेकीने रजा काढून बरोबर यायला हवं. ताई, हाच माणूस आम्हाला काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत फिरवून आणायचा. इथे कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटे जात नाहीत. आल्या आल्या एकदा बसमध्ये चढले आणि २० युरोची नोट पुढे केली. ड्रायव्हर म्हणाला, नोटा चालत नाहीत. मागे ही रांग. शेवटी लेकीने पुढे होऊन कार्ड टेकवलं. घरी आल्यावर मी हसत म्हटलं, 'तुझे बाबा आता घाबरायला लागलेत गं.' हे काही बोलले नाहीत.

भांडण न होता हा दिवस कसा घालवावा? किलकेनीतल्या गोल मनोऱ्यावर चढायची मला फार हौस आहे, पण यांचे गुडघे दुखतात. आणि त्या दिवशी पैठणी नेसली तर चालेल का?

– एक वाचक, मुक्काम डब्लिन"

बाई,

किलकेनीलाच जा आणि दोघंच जा. निकाल आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं स्वस्थपणे वाचाल.

साडेतीनशे किल्ल्यांचं निमित्त यजमानांनी पुढे केलंय खरं, पण तुमचं पत्र नीट वाचलं की गोष्ट वेगळी दिसते. मोहरच्या सहलीत बस ठरल्या जागी येते, गाइड डोकी मोजतो, चला म्हटलं की चढायचं आणि उतरा म्हटलं की उतरायचं. ती नाही तर लेक बरोबर हवी. म्हणजे किलकेनीचं त्यांना वावडं नाही. वाट विचारावी लागेल, यंत्रापुढे उभं राहावं लागेल, समोरचा भराभर काहीतरी बोलेल, आपल्याला कळणार नाही आणि हे सगळं बायकोदेखत होईल, याची त्यांना धास्ती आहे. ज्याच्या सहीसाठी इंजिनं खोळंबायची, त्याच्या हातातली नोट परत आली. मनाला लागणारच. डब्लिनच्या बसला सुटी नाणी नाहीतर कार्ड लागतं, हे नव्याने आलेल्या कुणाला ठाऊक असतं? पण असं त्यांना कुणी म्हटलं नाही. उलट तुम्ही लेकीसमोर हसलात. एवढं मात्र चुकलंच हं तुमचं. त्यांनी जावयादेखत तुम्हाला असं म्हटलं असतं तर आठ दिवस घरात अबोला असता. आता माफीबिफी मागू नका, ते आणखी अवघडतील. तो विषय पुन्हा काढायचा नाही, बस. आणि कामाची वाटणी करा: रेल्वे त्यांची, शहर तुमचं.

तिकिटं त्यांच्या हातून काढून घ्या. लेक दोन मिनिटांत फोनवर काढून देईल, तेच टाळायचंय. तिला सांगा, बाबांना लॅपटॉपपुढे बसव आणि तू चहा करायला जा. आयरिश रेल्वेच्या साइटवर आधी काढलेलं तिकीट स्वस्त पडतं. जागा राखून ठेवली की सीटवरच्या पाटीवर प्रवाशाचं नाव येतं, तेव्हा आरक्षण त्यांच्याच नावाने करा. रेल्वेच्या माणसाला परक्या मुलुखातल्या डब्यात आपलं नाव झळकलेलं बघून काय वाटेल, ते मी सांगायला नको. परतीची गाडीही तेव्हाच ठरवून टाका. संध्याकाळच्या गाड्या मोजक्या असतात, म्हणून अगदी शेवटचीवर विसंबू नका. 'अंधार पडायच्या आत घरी' हा आपला हिशेब मात्र तिथे सोडून द्या. मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत चांगला उजेड असतो.

गाडी ह्यूस्टन स्टेशनातून सुटते. लुआस ट्रामची लाल लाइन तुम्हाला स्टेशनाच्या दारात सोडते. हा ह्यूस्टन कोण, असं यजमानांना आदल्या दिवशी सहज विचारून ठेवा. ते शोधून काढतील आणि तुम्हाला सांगतील, तेव्हा तुम्ही नवीनच ऐकल्यासारखं ऐका. शॉन ह्यूस्टन हा रेल्वेतला कारकून. १९१६च्या उठावात तो ब्रिटिशांविरुद्ध लढला, त्याला गोळ्या घालण्यात आल्या, आणि ज्या स्टेशनात तो नोकरीला होता त्यालाच १९६६मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. तुम्ही उतराल ते किलकेनीचं स्टेशन मॅकडोनाह. थॉमस मॅकडोनाहलाही त्याच उठावापायी गोळ्या घालण्यात आल्या. तो काही काळ किलकेनीत शिक्षक होता, म्हणजे तुमच्या बिरादरीतला. घ्या, जाण्यायेण्याच्या दोन टोकांना तुमची दोन्ही खाती आली.

रुळांचीही एक गंमत आहे. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, १,६७६ मिलिमीटर. युरोपात बहुतेक ठिकाणी १,४३५. आयर्लंडचं यातल्या कुणाशीच जमत नाही: पाच फूट तीन इंच, १,६०० मिलिमीटर. प्लॅटफॉर्मच्या कडेशी उभे राहून ते रुळांकडे बघत बसले तर ओढू नका. किलकेनीला आणखी एक बघण्यासारखं आहे. तीच गाडी पुढे वॉटरफर्डला जाते, पण आली तशी सरळ जात नाही, उलट्या दिशेने निघते. डब्यांखालीच डिझेल इंजिनं असतात, त्यामुळे इंजिन सोडा-जोडा ही भानगड नाही. ड्रायव्हर आपली पिशवी उचलतो, गाडीच्या लांबीइतकं चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसतो आणि निघतो. तुम्हाला बाहेर पडायची घाई झालेली असेल. पण गाडी सुटेपर्यंत थांबा. किल्ला कुठे पळून जात नाही.

स्टेशनावरून जॉन स्ट्रीटने खाली आलात की नोर नदीचा पूल लागतो आणि पुलावरून डाव्या हाताला किल्ला दिसतो. रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटांची वाट. साडेतीनशे किल्ल्यांचा मुद्दा इथे पुन्हा निघेल, तेव्हा वाद न घालता आत चला. आपल्या किल्ल्यांवर राजवाडा कुठे होता ते जोत्यावरून ताडावं लागतं. रायगडावरचं तर १८१८च्या तोफांनी आणि आगीने नेलं. किलकेनीत घरच्या घर उभं आहे. बटलर घराण्याने १३९१मध्ये हा किल्ला विकत घेतला आणि १९३५पर्यंत ती मंडळी तिथे राहिली. जवळजवळ साडेपाचशे वर्षं एकाच पत्त्यावर! मग खर्च झेपेना, सामानाचा लिलाव झाला, वास्तू ओस पडली आणि १९६७मध्ये वारसाने ती गावाला ५० पौंडांत देऊन टाकली. आतलं बरंचसं पुढे शोधून, जमवून पुन्हा मांडलंय. लाँग गॅलरीत भिंतीवरच्या तसबिरी बघाल तितकंच वरही बघा. रंगवलेलं लाकडी छत आणि तुळयांच्या टोकांना सोनेरी पशुपक्ष्यांची मुंडकी आहेत. एकेक न्याहाळायला मान दुखेपर्यंत वेळ लागतो. ज्येष्ठांना तिकिटात सवलत असते, ती मागून घ्या.

यजमानांसाठी किल्ल्यात एक कोडं आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम मार्शल या सरदाराने हा दगडी किल्ला बांधला, तेव्हा चार कोपऱ्यांना चार बुरुज होते. आज मोजाल तर तीनच. चौथा कुठे गेला, ते त्यांना आवारात फिरून शोधू द्या. (१६५०मध्ये क्रॉमवेल या इंग्रज सेनापतीच्या वेढ्यात त्या बाजूची नासधूस झाली, उरलंसुरलं नंतर पाडलं. म्हणून किल्ल्याची एक बाजू आता सरळ बागेकडे उघडी आहे.) गडकोटांचा एवढा अभिमान असलेल्या माणसाला हे जमलं पाहिजे.

जेवणाचं. लेकीच्या स्वयंपाकघरात दशम्या करा, शेंगदाण्याची चटणी घ्या आणि किल्ल्याच्या बागेत बाकावर बसून खा. भलं मोठं हिरवं मैदान आहे आणि आयरिश माणसंही तिथे डबे उघडून बसलेली असतात. पाऊस आलाच तर समोर घोड्यांच्या जुन्या पागेत आता डिझाइन सेंटर आहे, तिथे कॅफे आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर 'टोस्टेड स्पेशल' या सँडविचच्या नावाला भुलू नका, त्यात हॅम असतो. भाज्यांच्या सुपातही कधी कधी कोंबडीचं पाणी असतं, विचारून घ्या. आणि हे विचारायचं काम तुमचं, त्यांच्यावर टाकू नका. शहर तुमच्या वाट्याला आलंय ना!

आता खरा सल्ला, जो लेकीला आवडणार नाही. जेवण झालं की दोन तास एकमेकांपासून वेगळे व्हा.

हाय स्ट्रीटवर थॉल्सेल नावाची इमारत आहे, १७६१ची, नगरपालिकेची. ती ओळखायला कष्ट पडत नाहीत: डोक्यावर घड्याळाचा मनोरा आणि खाली फुटपाथवर पुढे आलेल्या दगडी कमानी. पाऊस आला की अर्धं गाव त्या कमानींखाली उभं राहतं. दोघं मिळून तिथपर्यंत जा, शेजारची बटर स्लिपची चिंचोळी बोळ बघा, पूर्वी तिथे लोणी विकायला बसायचे. मग घड्याळ लावून घ्या: चार वाजता याच कमानीखाली. तिथून तुमची वाट वर, त्यांची खाली नदीकडे.

लग्नाच्या वाढदिवसाला ताटातूट कसली, असं वाटेल. पण दुसरा पर्याय काय आहे, बघा. गुडघे धरलेला माणूस मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा राहून 'सांभाळून गं, झालं का, उतर आता' करणार, आणि तुम्ही वर पोचून धड बघणारही नाही. दोघांनाही शिक्षा. शिवाय त्यांना दोन तास एकट्याने परक्या गावात काढू देणं हेच या दिवसाचं खरं काम आहे, असं माझं मत. तिथे कुणी पुढे होऊन कार्ड टेकवणार नाही. एक कॉफी मागवतील, नाणी मोजतील, एखादं चुकेल, दुकानदार हसून परत देईल. तुम्ही बघायला नसाल, हे फार महत्त्वाचं. लेकीलाही बजावून ठेवा: दिवसभरात एकही फोन नाही आणि ते लोकेशन बघत बसणंही नाही. मुलं काळजीपोटी करतात, मान्य, पण आईबापांना लहान करून टाकतात.

नदीकडे त्यांना करमेल. किल्ल्याच्या खालून नोरच्या काठाने सपाट पायवाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. तिला कॅनॉल वॉक म्हणतात, कारण अठराव्या शतकात तिथे कालवा खणायला घेतला होता. पुढे पैसे संपले आणि काम तिथेच थांबलं. सरकारी कामं अर्धवट ठेवण्याची मक्तेदारी आपलीच नाही, हे बघून त्यांना बरं वाटेल. बाकावर कुणी शेजारी येऊन बसलं तर बोलायलाही लागेल. आयरिश माणूस हवेपासून सुरू करतो आणि मग थांबत नाही. विषय हवाच असेल तर लिओ वराडकरांचा काढायचा. २०१७मध्ये पंतप्रधान झालेल्या या माणसाचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. नाहीतर हर्लिंग आहेच. दुकानांवर काळ्या-पिवळ्या पताका दिसतील, त्या किलकेनीच्या संघाच्या. लाकडी काठी आणि चेंडूच्या या खेळाचं अखिल आयर्लंड विजेतेपद या काउंटीने सगळ्यात जास्त वेळा मिळवलंय.

याच गावात हर्लिंगवर बंदी आली होती, हे तुमच्या खात्यातलं. १३६६मध्ये इथे भरलेल्या पार्लमेंटने कायदे केले: इंग्रज वसाहतवाल्यांनी आयरिशांशी लग्न करायचं नाही, आयरिश बोलायचं नाही, त्यांचे शाहीर घरात घ्यायचे नाहीत, हर्लिंग खेळायचं नाही. आणि हा सगळा कायदा लिहिला फ्रेंचमध्ये, कारण तेव्हा इंग्रज सरदारांची दरबारी भाषा तीच. वर्गात शिकवायला मिळाला असता तर तुम्ही तासभर घेतला असता यावर.

थॉल्सेलवरून पुढे पार्लमेंट स्ट्रीटला रोथ हाउस लागेल. जॉन रोथ नावाच्या व्यापाऱ्याने १५९४ ते १६१० या काळात बांधलेलं. कुटुंब वाढत गेलं तसं एकामागे एक तीन घरं, मधे अंगणं, शेवटी बाग. आपला तीन चौकी वाडाच जणू. तिथे अर्धा तास पुरे, कारण तुमचा वेळ मनोऱ्यासाठी राखायचाय.

सेंट कॅनिस कॅथीड्रल तेराव्या शतकातलं, शेजारचा गोल मनोरा त्याहून जुना, नवव्या शतकाच्या आसपासचा. उंची सुमारे ३० मीटर. आयर्लंडात असे मनोरे पुष्कळ आहेत, पण आतून चढून जाता येतं असे अगदी थोडे. आत शंभरावर पायऱ्या, लाकडी, शिडीइतक्या उभ्या, मधेमधे टप्पे. वरचं टोकदार टोपण कधीच गेलंय, म्हणून सपाट माथ्यावर उभं राहून किल्ल्यापर्यंतचं सगळं गाव एका नजरेत येतं. पाऊस-वारा असला की चढू देत नाहीत, म्हणून कॅथीड्रलमध्ये शिरायच्या आधी मनोरा उरका. हवा साफ असेल तेवढ्यात वर जाऊन यायचं.

मग आत जा आणि बिशप लेड्रेडची समाधी शोधा. १३२४ साली याने ॲलिस काइटलर नावाच्या बड्या घरच्या बाईवर चेटकीण म्हणून खटला भरला. चार नवरे झालेली, सावकारी करणारी, गावात बऱ्याच जणांच्या डोळ्यांत सलणारी बाई. ती पळून गेली. तिच्या मोलकरणीला, पेट्रोनिलाला, फटके मारून कबुली घेतली आणि त्या वर्षीच्या ३ नोव्हेंबरला जिवंत जाळलं. ॲलिसच्या मुलाला शिक्षा काय झाली? कॅथीड्रलच्या छपराला शिसं मढवून द्यायची. १३३२मध्ये कॅथीड्रलचा मधला मनोरा कोसळला, आणि त्या शिशाच्या भारानेच कोसळला असं सांगतात. गावात खाली सेंट किरन स्ट्रीटला ॲलिसच्या नावाचा पब आहे, तिच्या नावावर धंदा जोरात चालतो. पेट्रोनिलाला मात्र तेवढं विचारत नाही कुणी. यजमानांना ही हकिकत तुम्ही परतीच्या गाडीत सांगा, तुमच्या वर्गातल्या आवाजात.

ब्लॅक ॲबी हा जुना मठ आणि मध्ययुगीन संग्रहालय राहून जाईल. राहू द्या. चार वाजता कमानीखाली पोचणं जास्त गरजेचं. ते पंधरा मिनिटं आधीच येऊन उभे असतील, रेल्वेच्या माणसाला दुसरं काही जमत नाही. दोन तासांत काय केलं, असं खोदून विचारू नका. आपणहून सांगतील तेवढं ऐका.

मोहरचे कडे जरूर बघा, २०० मीटरहून उंच आहेत आणि खाली अटलांटिक. पण बसच्या सहलीने नको: डब्लिनहून जाऊन यायला बारा तासांच्या वर जातात आणि त्यातला बराचसा वेळ खिडकीतून बघण्यात. एखाद्या शनिवार-रविवारी लेक-जावयाबरोबर, तिकडे एक रात्र मुक्काम करून जा. सगळे बरोबर असण्याची मजा तिथे आहे.

पैठणीचं म्हणाल तर दिवसा नको. त्या शिडीवजा पायऱ्यांवर निऱ्या सांभाळायच्या की कठडा धरायचा? पंजाबी ड्रेस, रबरी तळव्यांचे बूट आणि टोपीवालं जाकीट घाला. छत्री तिथल्या वाऱ्यात उलटीच होते. पैठणी रात्री घरी लेकीने केक कापायला लावला की नेसा. गुडघ्यांचं मलम आणि दोघांच्या गोळ्या त्यांच्या खिशात, तुमच्या पर्समध्ये नकोत, कारण दुपारी पर्स तुमच्याबरोबर मनोऱ्यावर असेल.